मानाचा दगड

काल बाळाराम पुन्हा येऊन गेला. ओट्यावर टेकला, तांब्याभर पाणी प्यायला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि बसून राहिला. "काही काम होतं का?" म्हणून विचारलं, तर म्हणाला, "नाय वयनी, बाजारला आलेलो. म्हटलं जरा बसावं." बाजार परवाच होऊन गेला, हे त्यालाही माहीत आणि मलाही. तुम्ही गेल्यापासून तो असाच येतो, बसतो, आणि जे विचारायला आलेला असतो ते न विचारताच बिरवाडीची वाट धरतो. त्याला विचारायचंय ते एवढंच, की वयनी, बांध कधी घालायचे? मला ते ऐकायचं नाही. म्हणून मी त्याला चहा देते, त्याच्या म्हशीची चौकशी करते, पण त्या विषयावर येऊ देत नाही.

कारण बांध घातले की तुमचं विमान संपलं. बाकी सगळं झालंय. तुम्हाला पोचवलं, दिवस झाले, पाहुणे आपापल्या गावी गेले, शिमगाही होऊन गेला. आता शेतकऱ्यांना शेतं परत हवीत आणि ते काही चूक म्हणत नाहीत. फक्त 'घाला' एवढा एक शब्द माझ्या तोंडातून निघत नाही. म्हटलं, आधी तुमच्याशी बोलून घ्यावं. तसंही माझं कुठलंच म्हणणं तुम्ही पहिल्या खेपेला कधी ऐकलं नाहीत, तेव्हा आता न ऐकण्यात नवीन काही नाही.

"यांच्या डोक्यात हे आलं तरी कुठून?" असं लोक अजून मला विचारतात, जणू मीच ते घातलं. मी सांगते, मला मिळालं तेव्हाच ते डोकं भरलेलं होतं. लढाईच्या वर्षांत तुम्ही पूर्वेकडे कुठेतरी विमानांची इंजिनं दुरुस्त करत होता. तिथून परत येऊन महाडात वडिलांची भाताची गिरण हातात घेतलीत आणि मग माझ्याशी लग्न केलंत. लग्नानंतर पहिल्यांदा मला माहेरी पोलादपूरला सोडायला आलात, तेव्हा घर हाकेच्या अंतरावर असताना तुम्ही रस्त्यातच थांबलात. नदीवर एक घार गोल फिरत होती. पंख न हलवता ती वर कशी चढतेय, ते तुम्ही मला समजावून सांगायला लागलात. मी नवी नवरी, डोक्यावर पदर, हातात बोचकं. तिकडे आई भात निवतोय म्हणून दारात उभी. मला वाटलं, माणूस जरा वेगळा दिसतो. 'जरा' हा शब्द मी त्या वेळी फार थोड्या अनुभवावर वापरला.

मग मुंबईला खेपा घालून तुम्ही विमान चालवायला शिकलात, आणि एकदा तिथून मालट्रकने एक पेटारा आला. मला वाटलं गिरणीचं काही सामान असेल. उघडला तर आत काळपट, तेलकट इंजिन, लढाईनंतर भंगारात निघालेलं. तुम्ही त्याच्याकडे अशा नजरेने बघत होता की मला आपला अंतरपाट आठवला. तो बाजूला झाला तेव्हा माझ्याकडे काही तुम्ही असं बघितलं नव्हतंत. कित्येक वर्षं ते इंजिन पडवीत गोणपाटाखाली बसून होतं. पाहुणे त्याला छत्र्या टेकवायचे. दर दसऱ्याला गिरणीच्या इंजिनाबरोबर त्यालाही झेंडूची माळ पडायची. मी म्हणायची, "याला बसवून किती दिवस पोसायचं?" तुम्ही म्हणायचा, "याचं अंग अजून व्हायचंय."

आणि ते अंगही झालं. गिरणीच्या मागच्या पडवीत देवदाराच्या लांब पट्ट्या येऊन पडल्या. पंखाच्या फासळ्यांना तुम्ही आपल्याकडचं शिवणीचं लाकूड घेतलंत, हलकं म्हणून. एकेक फासळी भाताच्या काट्यावर जोखायचा आणि जड निघाली की पुन्हा रंध्याखाली. बसायची जागा करायची झाली तेव्हा माझी शिवणाची फीत घेऊन मीच तुमचं माप घेतलं. खांदे, मांड्या, कोपरापासून बोटांपर्यंत. तुम्ही सदरा शिवायला उभे राहता तसे ताठ उभे होता. पंखावरचं कापड ताणून बसावं म्हणून वरून रोगणाचे हात द्यायचे, त्याला पिकलेल्या केळ्यांचा वास. सगळ्या आळीत तो भरून राहिला. समोरच्या काकू सत्यनारायणाला लागतात म्हणून केळी मागायला आल्या आणि मी नाही म्हटलं तर महिनाभर रुसल्या. अजून कपाट उघडलं की माझ्या लुगड्यांना तो वास येतो. मी ती लुगडी धुवायला टाकत नाही.

पंखाला मांजरपाट चढवलं ते माझ्या मशीनवर शिवून. पण कापड फासळ्यांना बांधायचं ते हातानेच. पंख उभा करायचा, तुम्ही एका बाजूला, मी दुसऱ्या. हातभर लांब सुई तुम्ही तिकडून खुपसायची, मी इकडे ओढून घ्यायची, दोरा फासळीला वेढून परत तुमच्याकडे ढकलायची. श्रावण-भाद्रपद त्यात गेले. बाहेर पाऊस, गिरण बंद, आणि दोघांच्या मध्ये पांढरं कापड. तुमचं तोंड दिसत नसे, नुसता आवाज यायचा. एवढ्या वर्षांच्या संसारात आपण जेवढं बोललो नव्हतो तेवढं त्या कापडाच्या आडून बोललो. आपल्याला मूल झालं नाही, त्याबद्दल तुम्ही पहिल्यांदा काही विचारलंत तेही तिथेच. "तुला फार वाटतं का गं?" असं तिकडून आलं. मी सुई परत ढकलली आणि म्हटलं, "दोरा सैल सोडू नका." तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. तेवढं राहूनच गेलं.

आणि आपलं भांडण, ते तर अर्धंच झालंय. पंख जवळजवळ शिवून होत आला होता. मी म्हटलं, "एकाच माणसाची जागा कशाला केलीत?"

"इंजिन एवढंच ओढेल."

"म्हणजे मी ओझं."

"भरल्या गोणीएवढं तर आहेच."

मी सुई धरून ठेवली, सोडलीच नाही. तुम्ही तिकडून दोरा ओढताय, मी इकडून. शेवटी तुम्ही म्हणालात, "आधी हे धड उडतंय का बघू दे. मग दोघांचं बांधू." तेव्हा मी विचारलं, "उडेल की नाही याची खात्री नाही म्हणून एकट्याचं केलंत का?" मी सुई सोडली, ती गेली, परत आली, पण उत्तर आलं नाही. इंजिन खरंच कमी ताकदीचं होतं, की मला त्या जागेत बसवायचंच नव्हतं तुम्हाला, हे मला अजून कळलेलं नाही. दोन्ही उत्तरांवर मी भांडले असते. पण उत्तर हवं होतं मला.

विमान झालं, पण पळवायचं कुठे? आपल्या भागात सपाट जमीन म्हणजे भाताची खाचरं, आणि खाचर म्हटलं की बांध आलाच. बिरवाडीच्या खाली नदीकाठाने खाचरांची एक लांब सरळ पट्टी तुम्ही हेरून ठेवली होतीत. पट्टी सरळ खरी, पण मालक पाच-सहा, आणि मध्ये जागोजाग आडवे बांध. भात कापलं की त्याच ओलीवर लोक वाल पेरतात. तुमचं म्हणणं, एक हिवाळा कोणी वाल पेरू नये, बांध काढावेत आणि पावसाच्या आत पुन्हा घालावेत. मी शेतकऱ्याची मुलगी. कुणाला बांध काढ म्हणणं म्हणजे काय, ते मला ठाऊक. मी म्हटलं, "मार खाऊन याल."

तुम्ही मार खाल्ला नाहीत. भात घेऊन गिरणीत जो येईल त्याला धरून बसलात. त्याचंच सूप हातात घेऊन वाऱ्यात तिरकं धरायचं आणि म्हणायचं, "बघ, उचलतंय की नाही?" लोक हसायचे, पण सूप धरून बघायचे. एकेक करून सगळे तयार झाले, फक्त बाळाराम अडून बसला. त्याचा बांध शेवटचा, नदीकडचा, आणि दगडी. त्याच्या आजाने पुराचं पाणी अडवायला घातलेला. "भाऊ, मातीच्या बांधाचं काय, उद्या घालता येतो," तो म्हणाला. "ह्यो आज्याच्या हातचा हाय. देवीला इचारल्याबिगर नाय हात लावायचा." मग गावदेवीला कौल लावला. आपण दोघंही गेलो होतो. मूर्तीला चिकटवलेली पाकळी उजवीकडून सुटली तर देवीचा होकार. गुरवाने गाऱ्हाणं घातलं आणि पाकळी उजवीकडूनच पडली. बाळाराम म्हणाला, "बरं." त्या दिवसापासून त्याच्याएवढं तुमच्यामागे दुसरं कोणी राबलं नाही.

महाडातून विमान निघालं ते बैलगाड्यांवर. एका गाडीवर धड, दुसरीवर पंख, मागे अख्खी आळी. समोरच्या काकूंनी रुसवा सोडून त्याला ओवाळलं. शेताच्या कडेला बाळारामने माडाच्या झापांचा मांडव घातला होता. पंख चढवलेत, शेपूट आंब्याला बांधलीत आणि इंजिन सुरू केलंत, तेव्हा गावातली गुरं दावी तोडून पळाली आणि तुम्ही संध्याकाळपर्यंत ती शोधत फिरलात. वाऱ्याची दिशा कळायला बांबूवर लावलेली पिशवी माझ्या जुन्या लुगड्याची. जमिनीवरच्या जमिनीवर पुढे-मागे पळवून बघितलंत, चाकं तपासलीत, पुन्हा पळवलंत. परवान्याचे साहेब येऊन पंख हलवून गेले. जाताना वालाचं बिरडं दोनदा मागून जेवले. मी तुम्हाला म्हटलं, "पास झालं ते बिरड्यावर, विमानावर नाही." तुम्ही हसला नाहीत. त्या दिवसांत तुम्हाला दुसरं काही सुचत नव्हतं, आणि मला तुमचं ते न सुचणं आवडत होतं. तेव्हा सांगायला हवं होतं असं नाही. तुम्हाला कळत असणार.

आईला तुम्ही निरोप धाडला होता: पहिल्या फेरीला पोलादपूरपर्यंत येतो, खळ्यात लाल लुगडं पसरून ठेवा, म्हणजे वरून घर ओळखेन. आईचं उत्तर आलं, "जावईबापूंना सांग, लुगडं पसरते, पण खाली बघत गाडी चालवू नका." ती शेवटपर्यंत त्याला गाडीच म्हणाली.

मग ती सकाळ. दुसऱ्या दिवशी उडायचं ठरलेलं. बाकीचे बांध केव्हाच निघाले होते. बाळारामने आणि त्याच्या भावांनी दगडी बांधही काढून कडेला रचला होता, फक्त कोपऱ्यातला एक दगड तसाच ठेवला होता. आजाने पहिला बसवला तो. त्यावर पाणी घातलेलं, हळदकुंकू वाहिलेलं, शेजारी नारळ. "भाऊ," तो म्हणाला, "ह्यो मानाचा दगड. ह्यो तुमी काढायचा. तुमच्याबिगर कुनी हात नाय लावायचा." तुमचा चेहरा मी बघितला. लढाईतून परत आलात तेव्हा तुमच्या हातात कोणी मानाचा नारळ ठेवला नव्हता. गिरणीवाल्याला मान कोण देतो? तुमचे डोळे भरले आणि तुम्ही ते सदऱ्याच्या बाहीने पुसलेत.

आमच्या पोलादपुराकडे पोर चालायला लागलं की आधी हे शिकवतात: दगड हाताने उचलायचा नाही. काठीने उलटायचा, खाली बघायचं, मग हात लावायचा. फुरशांचा मुलूख आहे, विषारी साप आणि दगडाखालीच दडतो. तुम्हाला काय हे माहीत नव्हतं? गिरणीचं जोतं दुरुस्त करताना तुम्ही स्वतः आधी पहार घालायचात. पण हळदकुंकू लावलेल्या दगडाला काठी कोण लावणार? मानाच्या दगडाला पहार कोण घालणार? बाळारामच्या ते डोक्यात आलं नाही, माझ्या आलं नाही, जमलेल्या एवढ्या माणसांत कुणाच्याच आलं नाही. तुम्ही चपला काढल्यात, वाकून नमस्कार केलात आणि दोन्ही हात दगडाखाली घातलेत.

फुरसं वीतभर. तुम्ही "अरे" एवढंच म्हणालात, जसं सदऱ्याला तेल लागल्यावर म्हणायचात.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या बाजूने माहीत नाही, म्हणून सांगते. फुरसं घाईत नेत नाही. तुम्ही घरी आलात ते बोलत, हसत. डॉक्टर म्हणाले, सापावरची लस संपलीय, मुंबईहून आणावी लागेल. माझा भाऊ वसंता तांदळाच्या ट्रकवर असतो. तो बाजारात होता तसाच निघाला. तुम्हाला हलवू नका, रस्त्यावरच्या हादऱ्यांनी रक्त जायला लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. हात सुजून काळानिळा झाला. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मी ओल्या फडक्याने पुसायची, पुन्हा यायचं. बाळारामने मांत्रिक आणला. त्यालाही मी नको म्हटलं नाही. जो कोणी जे म्हणेल ते मी करत होते, आणि कशानेच काही होत नव्हतं. हातावर हात धरून बसणं असं आपण म्हणतो. माझे हात सारखे चालू होते आणि तरी मी तशीच बसलेली होते.

आणि तिकडे बिरवाडीला विमान उभं होतं. टाकी भरलेली, चाकं तपासलेली, समोर नदीपर्यंत मोकळी वाट. तुम्ही एकदा डोळे उघडलेत, तुळईकडे बघत राहिलात आणि म्हणालात, "मुंबई तासाभराचं काम होतं गं." आणि हसलात. दातांवर रक्त होतं. ते उडवू शकेल असा या मुलखात एकच माणूस, आणि तो अंथरुणावर. मला तुमच्याकडे बघवेना. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच भांडी घासत बसले.

बाळाराम सकाळ-संध्याकाळ यायचा. तुम्ही त्याला एकच विचारायचात, "वारा कुठला रे?"

"सकाळी खालचा व्हता, भाऊ. दुपारनं डोंगराकडचा सुटतो."

"सकाळचाच चांगला. पंख दोरीने बांध नीट. उलटेल नाही तर."

"बांधलेत भाऊ. तुमी निजा."

बाहेर येऊन तो ओट्याखाली उभा राहायचा. मला म्हणाला, "वयनी, देवीनं उजवा दिलेला. तुमी बगितलात नव्हं?" मी हो म्हटलं. विमानाचं विचारलं होतं देवीला, दगडाचं कोणी विचारलं नव्हतं.

आईचं आणखी वेगळंच. वसंता परस्पर मुंबईला गेलेला, घाईत पोलादपूरला सांगावा धाडायचं कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही. ठरल्या दिवशी तिने खळं सारवलं, लाल लुगडं पसरलं, वाऱ्याने उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर पाटे-वरवंटे ठेवले आणि मान वर करून बसली. शेजारणी म्हणाल्या, "काय गो, कवा येनार जावई?" ती म्हणाली, "येतील, त्यांना येळ लागतोच." दुपारी उशिरा फुरशाचा सांगावा घेऊन माणूस पोचला.

शेवटचं तुम्ही शुद्धीवर माझ्याशी बोललात ते असं, "दोरा ओढला होतास ना नीट?" मला आधी कळलं नाही. मग कळलं, पंखाचं विचारताय. मी म्हटलं, हो, ओढला होता, कुठे सैल नाही. तुम्ही मान हलवलीत. त्या वेळी मला तुमच्या त्या कापडाआडच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं. हो, मला फार वाटायचं. पण ती शिलाई घालत होतो त्या पावसाळ्यात कमी वाटलं, असं सांगायचं होतं. ओठापर्यंत आलं. तुमचे डोळे मिटले होते आणि डॉक्टर नाडी धरून होते, म्हणून थांबले. त्यानंतर तुम्ही पुन्हा कुणाशीच बोलला नाहीत.

वसंता लस घेऊन आला तेव्हा दारात माणसं जमली होती. त्याच्या हातात बर्फाची पेटी होती आणि ती कुठे ठेवायची, हे त्याला कोणी सांगेना.

दिवसांना तुमचे मुंबईचे एक मित्र आले होते, ज्यांच्याबरोबर तुम्ही विमान चालवायला शिकलात ते. बिरवाडीला जाऊन विमान बघून आले. म्हणाले, "वहिनी, बांधलंय अप्रतिम. मी एकदा उडवून बघू का?" मी हो म्हटलं, त्यांच्याबरोबर गेलेही. ते पंखावर पाय देऊन चढले, आणि बसेचनात. माणूस भरलेला, खांदेच आत जाईनात. बाळाराम आणि त्याचा भाऊ खालून मदत करत होते. शेवटी ते उतरले, घाम पुसला आणि म्हणाले, "हे त्याच्या अंगाला शिवलंय." मला त्याही परिस्थितीत हसू आलं, आणि हसता हसता आवरेना. माप मीच घेतलं होतं. एवढं नेमकं माप मी जन्मात कधी घेतलं नव्हतं.

तुमचा राग येतो मला. ते लिहिते, म्हणजे पुढचं लिहिता येईल. बायकांना नवरे पाटल्या करतात, माडी बांधून देतात. तुम्ही मला हातभर सुई दिलीत आणि एका पंखाच्या पलीकडे उभं केलंत. माझ्याइतकं मोठं काम या आळीत कोणत्याही बाईच्या वाट्याला आलं नाही. माझे टाके वर आकाशात जाणार होते. ते गेले नाहीत, पण जाणार होते, हे मला पुरे. नाही, पुरे नाही. पण आहे.

इथवर काल लिहिलं होतं. आज सकाळी उठले आणि बाळारामच्या यायची वाट न बघता मीच एसटीने बिरवाडीला गेले.

त्याने पंख आधीच उतरवले होते. सांगितलं नव्हतं मी, पण बहुधा मला बघवणार नाही म्हणून त्याने ते उरकून घेतलं होतं. धड आणि पंख गाडीवर गवतात नीट बसवलेले, आडवे बांधलेले, महाडला गिरणीत न्यायला तयार. लुगड्याची पिशवी तेवढी बांबूवर होती. मी म्हटलं, "बाळारामभाऊ, बांध घाला." तो आंब्याकडे गेला. त्या सकाळी त्यानेच तो दगड तिथे नेऊन ठेवला होता, त्यानंतर कुणी हात न लावलेला. त्यावरचं हळदकुंकू ऊन लागून पुसट झालं होतं.

"पयला तुमी ठेवायचा," तो म्हणाला. "मान तुमचा हाय."

मागे जमलेल्यांतली कुणीतरी बाई हळूच म्हणाली, "तिच्या हातून नको रे." बाळारामने वळूनसुद्धा बघितलं नाही.

मी म्हटलं, "काठी द्या."

"मानाच्या दगडाला काठी नाय लावत गो," त्याच बाईचा आवाज. मी थांबले. माझ्या हातात काठी नव्हती आणि हिसकावून घ्यायचं बळही नव्हतं. तेव्हा बाळारामने स्वतःची काठी माझ्या हातात दिली. मी ती दगडाखाली घातली, जोर लावला आणि तो उलटा केला. खाली ओलसर माती होती, पांढरी मुळं, थोड्या मुंग्या. बाकी काही नव्हतं. मी वाकून पुरेसं बघितलं. मग दोन्ही हात लावले. दगड जड होता, दुसरी बाजू बाळारामने धरली. दोघांनी मिळून तो त्याच्या जागी बसवला. आता तुमच्या विमानाला इथून पुढे वाट नाही.

मी माती झटकली आणि काठी उचलून उभी राहिले. बाकीच्यांनी रचलेल्या ढिगाकडे वळून एकेक दगड उचलायला घेतला. त्या दगडांना ना हळद लागली होती ना कुंकू. बाळाराम ओरडला, "थांबा रं." आणि माझ्या हातातून काठी घेऊन त्याने पहिला दगड उलटा केला, खाली बघितलं, आणि मगच भावाला म्हणाला, "घे."